व्हिडिओ गेम म्हणजे काय आणि लोक ते खेळतात कसे: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं साताऱ्यात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली. त्या खोलीत एके काळी वडिलांनी व्हिडिओ गेमची चार मशिनं लावली होती. आता तिथे मोबाइल कव्हरांचे खोके आहेत. डिस्प्ले बदलून होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, आणि बसलं की विचारतं. विचारणारे बहुतेक आईवडील, काही आजोबा, एकदा तर एक मुख्याध्यापक. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

व्हिडिओ गेम म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर काहीतरी चाललंय आणि ते तुमच्या हाताला जुमानतंय, तो व्हिडिओ गेम. सिनेमा तुमच्यावाचून अडत नाही. तुम्ही डुलकी काढलीत तरी शेवटी नायक जिंकतोच. गेममध्ये तुम्ही बटणावरून हात काढला की नायक आहे तिथे उभा राहतो, आणि बहुतेक वेळा मरतो.

कॅरम, सापशिडी यांच्यापेक्षा फरक एवढाच की इथे नियम यंत्राकडे असतात. कॅरममध्ये राणी कव्हर झाली की नाही यावरून घराघरात भांडणं होतात, कारण नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात असतात आणि प्रत्येकाचं डोकं वेगळं. व्हिडिओ गेमशी असला वाद घालता येत नाही. उडी चुकली म्हणजे चुकली.

आत काय चालतं म्हणाल, तर एक फेरा. यंत्र बघतं की कोणतं बटण दाबलंय, नियमांनुसार सगळं एक पाऊल पुढे सरकवतं, नवं चित्र काढतं, आणि पुन्हा बटणाकडे बघतं. चांगल्या चालणाऱ्या गेममध्ये हा फेरा सेकंदाला ६० वेळा होतो. म्हणजे एका फेऱ्याला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. मोबाइल तापला की तो हा वेग आपणहून कमी करतो, आणि मग पोरं माझ्याकडे येऊन म्हणतात, ‘काका, फोन अडकतोय.’ फोन बिघडलेला नसतो. कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

पहिला व्हिडिओ गेम कोणता?

यावर जाणकारांत एकमत नाही, पण तीन सालं सांगता येतात. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या गोल पडद्यावर टेनिस खेळता येईल अशी जुळणी केली. प्रयोगशाळा बघायला येणारे लोक कंटाळू नयेत, एवढाच हेतू. १९६२ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या तरुणांनी पीडीपी-१ या कपाटाएवढ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ केला. आणि १९७२ मध्ये धंद्याने जोर धरला: राल्फ बेअर यांच्या कल्पनेवरचं ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हे टीव्हीला जोडायचं यंत्र आलं, आणि त्याच वर्षी अटारी कंपनीचा नाणं टाकून खेळायचा ‘पाँग’. दोन पट्ट्या, एक ठिपका. बस्स.

आपल्याकडे हे कधी आलं?

माझ्या पिढीपुरतं सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकात दोन वाटांनी आलं. एक पार्लरची, दुसरी घरच्या टीव्हीची.

पार्लर म्हणजे एसटी स्टँडजवळचा, शाळेच्या वाटेवरचा अंधारा गाळा. लाकडी पेटीत टीव्ही, खाली काठी आणि चार-सहा बटणं, कॉइन टाकायची फट. आमच्या मागच्या खोलीत सगळ्यात जास्त कमाई करणारं मशिन होतं ते ‘मुस्तफा’चं. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. पण ते लांबलचक नाव इथे कोण घेणार? निवडायला चार पात्रं होती, त्यातला मुस्तफा पळत येऊन लाथ मारायचा तो सगळ्यांचा लाडका. मग गेमचंच नाव मुस्तफा झालं, आणि ते नुसतं साताऱ्यात नाही, देशभर. एका वेळी तिघं खेळू शकायचे. खेळणारे तीन आणि मागे उभे राहून ‘अरे मार, मार, तिकडून येतोय’ ओरडणारे दहा. पैसे तिघांचे, मजा तेराजणांची. वडील त्या दहाजणांना हाकलायचे नाहीत. म्हणायचे, उद्या यांच्याच खिशात रुपया असणार आहे.

घरी यायचा तो ‘टीव्हीवरचा व्हिडिओ गेम’. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्या बाजारात मिळायच्या त्या बहुतेक त्याच्या नकला. मे महिन्याची सुट्टी, वायर अँटेनाच्या भोकात, टीव्हीचं ट्यूनिंग बारीक बारीक फिरवत चित्र शोधायचं, आणि वडील बातम्यांना बसायच्या आत सगळं काढून ठेवायचं. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा बंदुकीचा गेम. तुम्ही चाळिशीत असाल तर एव्हाना तुमच्या कानात ते संगीत वाजायला लागलं असेल.

मग कॉम्प्युटर क्लास आले. तिथे सर बाहेर गेले की ‘डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘रोड रॅश’. नंतर सायबर कॅफेत ताशी पैसे भरून ‘काउंटर-स्ट्राइक’. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पार्लर, क्लास, कॅफे हे सगळं एका खिशात मावायला लागलं.

टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये (गेम भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत) फुंकर मारली की ती खरंच चालायची का?

चालायची, पण फुंकरीमुळे नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवताना तिचे धातूचे दात जागेवर नीट बसायचे, त्याने काम व्हायचं. श्रेय मात्र फुंकरीला जायचं. उलट तोंडातली वाफ आणि थुंकी दातांवर बसून ते गंजायचे. अजून कुणाकडे जुनी कॅसेट असेल तर कान साफ करायची कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ती बाटली असते.

‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरंच ९९९९ गेम होते?

नाही हो. मोजके गेम, तेच तेच, वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मी एका सुट्टीत चारशेपर्यंत तपासून पाहिले होते. आयुष्यातला पहिला ग्राहक म्हणून झालेला अपेक्षाभंग.

पुस्तक न वाचता, कुणी न शिकवता पोरं गेम शिकतात कशी?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. उत्तर मारिओच्या पहिल्या लेव्हलमध्ये आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा, शिगेरु मियामोतो यांचा. सुरू झाला की मारिओ डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं. कुठे जायचं हे लिहिलेलं नाही, पण उजवीकडे सोडून जाणार कुठे? दोन पावलं गेलात की समोरून एक रागीट तपकिरी आळंबी चालत येते. काही केलं नाहीत तर ती धडकते आणि तुम्ही मरता. गेम सुरू होऊन काही सेकंदच झालेले असतात, गमावलं काहीच नाही. दुसऱ्या खेपेला घाबरून कुठलं तरी बटण दाबता, मारिओ उडी मारतो. उडी वरच्या चौकोनाला लागली तर नाणं निघतं. म्हणजे चौकोनांना डोकं मारायचं असतं हे कळलं.

पुढची करामत बघा. एका चौकोनातून मशरूम निघतं. आत्ताच एका आळंबीने मारलेलं असल्याने नवखा माणूस त्याला भिणारच. म्हणून ते मशरूम आधी उजवीकडे घरंगळतं, पाइपवर आपटतं आणि उलट फिरून तुमच्याकडेच येतं. डोक्यावर चौकोनांची रांग, त्यामुळे उडी मारून नीट सुटताही येत नाही. ते लागतं, आणि मारिओ मरण्याऐवजी मोठा होतो. भीती गेली. अर्ध्या मिनिटात पाच धडे आणि एकही सूचना नाही.

हे सगळं ज्या कॅसेटमध्ये होतं तिची जागा ४० केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारा ‘शुभ प्रभात’चा एक फोटो बहुधा याहून मोठा असतो. जागा वाचवायला मारिओतले ढग आणि झुडपं एकाच चित्राची केली होती. ढग पांढरा, झुडूप हिरवं, एवढाच फरक. खात्री नसेल तर उघडून बघा.

तुमचा मुलगा नवा गेम घेतो आणि पाच मिनिटांत सराईतासारखा खेळायला लागतो, त्यात त्याच्या हुशारीचा वाटा आहेच. पण बनवणाऱ्याने त्याच्या वाटेत अशी मशरूमं पेरून ठेवलेली असतात.

गेम पुढे पुढे अवघड का होत जातो?

सोपाच राहिला तर कंटाळा येईल, एकदम अवघड झाला तर सोडून द्याल. त्या दोहोंच्या मधल्या अरुंद बांधावर तुम्हाला चालवत ठेवणं हे बनवणाऱ्याचं कसब.

गंमत म्हणजे ही युक्ती काही अंशी अपघाताने सापडली. १९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. वरून परग्रहवासीयांच्या रांगा खाली येतात, तुम्ही खालून त्यांना टिपायचं. तेव्हाची चिप इतकी कमजोर की सगळे शत्रू हलवताना धापा टाकायची. जसजसे शत्रू मरत गेले तसतसं तिचं ओझं कमी झालं आणि उरलेले पळायला लागले. निशिकादोंनी हा दोष न सुधारता तसाच ठेवला. शेवटचा एकटा शत्रू सुसाट सुटतो तेव्हा हाताला जो घाम येतो, तो त्या चिपच्या कृपेने.

तीनच लाइफ का?

लाइफ म्हणजे मेल्यावर पुन्हा उठायची संधी. ती तीनच, कारण पार्लरचं गणित. पहिल्या कॉइनमध्ये चटक लागली पाहिजे, पण फार वेळ खेळताही येता कामा नये. मागे रांग आहे. तीन हा आकडा त्यात बसला आणि घरच्या गेममध्येही तसाच आला, जिथे कॉइन टाकायची फटच नव्हती.

काँट्रात ३० लाइफ मिळायची ती सांकेतिक बटणं आठवत असतील: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. मूळ कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा गेम तपासताना तो त्यांनाच झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी चोरवाट ठेवली होती.

कशावर खेळायचं? मोबाइल, कॉम्प्युटर की ते प्लेस्टेशन?

मोबाइल घरात आहेच, तिथून सुरू करा. कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त प्रकारचे गेम मिळतात, पण मोठ्या गेमना ग्राफिक कार्ड लागतं आणि ते महाग. कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच, फक्त खेळण्यासाठीच असतं: टीव्हीला जोडा, सोफ्यावर बसा. त्याचे गेम वेगळे विकत घ्यावे लागतात आणि नवा मोठा गेम काही हजारांना पडतो, हे दुकानदार बऱ्याचदा शेवटी सांगतात.

माझा मुलगा चार-चार बोटांनी मोबाइल धरतो. हे काय आहे?

त्याला पोरं ‘क्लॉ’, म्हणजे पंजा, म्हणतात. अंगठ्यांनी चालायचं आणि नेम फिरवायचा, तर्जन्यांनी गोळी झाडायची. दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याला गोळी झाडायला नेम सोडावा लागतो, चार बोटांवाल्याला नाही. माझ्याकडे फोन आला की टेम्पर्ड ग्लासवरच्या घासलेल्या जागा बघून मी कोण काय खेळतं ते सांगतो. खालच्या दोन कोपऱ्यांत डाग म्हणजे दोन अंगठे. वरच्या कडेलाही असले तर क्लॉ. मधोमध लांबलचक एकच पुसट पट्टा असला तर तो गेमवाला नाही, रील सरकवणारा. बोटांना घालायच्या चंदेरी टोप्याही मिळतात. घाम आला तरी बोट घसरत नाही. आमच्याकडे परीक्षेनंतर त्यांचा खप वाढतो.

पबजी म्हणजे काय? बंद झालं होतं ना?

शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. हातात काही नाही. घरं धुंडाळून बंदुका, औषधं, हेल्मेट गोळा करायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. लपून बसणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून एक वर्तुळ आकसत जातं. बाहेर राहिलात तर हळूहळू मरता. शेवटी सगळे एका शेताएवढ्या जागेत येतात. जो उरला तो जिंकला, पडद्यावर ‘चिकन डिनर’.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यात पबजी मोबाइल होतं. जुलै २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ते भारतासाठी ‘बीजीएमआय’ नावाने आणलं, २०२२ मध्ये तेही अडवलं गेलं, २०२३ मध्ये परत आलं. पोरं मधल्या काळात गप्प बसली होती असं समजू नका.

‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही. खोटं बोलतो का?

बहुतेक वेळा नाही. बीजीएमआयची पूर्ण मॅच पंचवीस-तीस मिनिटं चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही, कारण समोर ९९ माणसं आहेत (त्यातली काही यंत्राने चालवलेली, पण ते असो). चौघांच्या स्क्वॉडमधून एक उठला की उरलेले तिघं लंगडे होतात. गल्लीत क्रिकेट चालू असताना तुम्हाला आईने जेवायला हाक मारली आणि तुमची बॅटिंग चालू होती, तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा.

म्हणून घड्याळ लावू नका, मॅच मोजा. ‘दोन मॅच, मग अभ्यास’ हे त्याला कळतं आणि पाळताही येतं. ‘साडेसातला बंद’ म्हणालात आणि साडेसातला मॅच ऐन भरात असली तर भांडण ठरलेलं. मारिओसारखे एकट्याने खेळायचे गेम मात्र केव्हाही पॉझ होतात. तिथे ही सबब ऐकून घेऊ नका.

‘लॅग आहे, पिंग वाढलंय’ म्हणतो. ही काय भानगड?

तुम्ही बटण दाबलं ही खबर गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो पिंग, मिलिसेकंदांत. तो वाढून खेळ मागे पडतो तो लॅग. सर्व्हर मुंबईत असेल तर साताऱ्याहून तीस-चाळीस येतो, चालून जातं. दीडशे-दोनशेच्या पुढे गेला की तुम्ही दाराआड गेलात असं तुम्हाला दिसतं, सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून दारातच उभे आणि गोळी लागलेली. पोरगा टेबलावर मूठ आपटतो तो तेव्हा. त्याच वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत मालिका लावली असेल तर तुमचा त्यात थोडा हात आहे.

गेम फुकट असतो, मग कंपनीचं पोट कशावर भरतं?

कपड्यांवर. खरंच. पात्राचा ड्रेस, बंदुकीचा रंग, याला ‘स्किन’ म्हणतात. त्याने गोळी जास्त लागत नाही, पण चार मित्रांत मिरवता येतं. विकत घेताना रुपये दिसत नाहीत. आधी रुपयांचे गेममधले पैसे, म्हणजे डायमंड किंवा यूसी, करायचे, मग ते खर्चायचे. जत्रेत पाळण्यासाठी कुपनं घेतली की पैसे सुटल्याचं जाणवत नाही, तसंच.

याहून वाईट म्हणजे नशिबाची पेटी. पैसे द्यायचे आणि आत काय निघेल ते माहीत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पैशाच्या पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. माझंही मत तेच आहे.

आमच्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून तीन महिन्यांत साडेअकरा हजार गेले. मुलाला यूपीआयचा पिन आजीने सांगितला होता, दूधवाल्याचे पैसे द्यायला. मुलाला ओरडून झालं, आजीला बोलून झालं, पिन मात्र तोच होता. तो मी बदलून दिला. तुम्ही आजच दोन गोष्टी करा: पिन बदला, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागणारी सोय चालू करा.

रमी आणि पैसे लावून टीम बनवायचे क्रिकेट अ‍ॅप, हेही व्हिडिओ गेमच ना?

नाही. पैसे लावायचे आणि जिंकले तर पैसे मिळायचे, हा वेगळा धंदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि साधे करमणुकीचे गेम या बंदीत येत नाहीत. तेव्हा कुणी ‘गेमचं अ‍ॅप आहे’ म्हणून पैसे भरायला लावत असेल तर दोनदा विचारा, कुठला गेम?

व्यसन लागतं का?

काहींना लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्याच्या अटी वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं. शाळा, झोप, जेवण, मित्र यांचा बोजवारा उडालेला असतो. तसं दिसत असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारू नका, डॉक्टरांकडे जा.

सुट्टीत दिवसाला तीन तास खेळणारा पण हाक मारली की कुरकुरत का होईना येणारा मुलगा या यादीत बसत नाही. रात्री दोनला पांघरुणात उजेड दिसत असेल, तर फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायची सवय सगळ्या घराने लावा. सगळ्या म्हणजे तुम्हीसुद्धा.

कुठल्या वयाला कुठला गेम?

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा आकडा असतो. तो अवघडपणाचा नाही, आत काय दाखवलंय त्याचा. हिंसा, शिव्या, जुगार. हा एक आकडा बघितलात तरी अर्धं काम झालं.

माझी आई म्हणते, गेम ही पोरांची थेरं. बरोबर ना?

माझी आईही असंच म्हणायची. मग कळलं की ती कँडी क्रशच्या अठराशेव्या लेव्हलला आहे. ‘तो काय गेम आहे का? मी आपली रंग जुळवते,’ असं तिचं म्हणणं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभर जो लुडो किंग खेळला गेला, तोही व्हिडिओ गेमच. तो नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा, २०१६ पासूनचा. आमच्या घरात त्यावर मावशी पुण्याहून, आई साताऱ्याहून आणि चुलत बहीण दुबईहून खेळायच्या, आणि सोंगटी मारली की फोन करून भांडायच्या. नियम यंत्राकडे असूनही माणसं भांडायचं सोडत नाहीत. वर लिहिलेलं थोडं मागे घेतो.

महाराष्ट्रात असे गेम बनतात?

बनतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत असुरांशी लढणारी राजी नावाची मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल, म्हणजे पबजीच्या धाटणीचा गेम, केला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. मुलाला गेमचं वेड असेल तर त्याला विचारून बघा, खेळायचंय की बनवायचंय. बनवायला चित्रकला, प्रोग्रामिंग, संगीत, गोष्ट लिहिणं, यातलं काहीतरी एक नीट यावं लागतं.

आणि खेळून पैसे कमावणं?

ई-स्पोर्ट्स आहेत, खरे आहेत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकंही होती. पण गल्लीत क्रिकेट खेळणारे किती आणि रणजीत पोचणारे किती, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा. बारावी आधी.

मला यातलं काहीच कळत नाही. कुठून सुरुवात करू?

टेट्रिसपासून. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी केलेला, ठोकळे वरून पडतात, रांग भरली की नाहीशी होते. नियम एका वाक्यात संपले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा त्याच्या जुन्या निन्टेंडो आवृत्तीत इतका पुढे गेला की गेमच गोठला; माणसाकडून हे पहिल्यांदाच झालं. तुम्ही पहिल्या दिवशी चार रांगा घालवल्या तरी पुरे.

नाहीतर मुलाच्या शेजारी बसा आणि म्हणा, मला दे, मी कशी मरते बघ. तुम्ही भिंतीला धडकत राहाल, तो पोट धरून हसेल, मग वैतागून शिकवायला लागेल. माझ्या दुकानात असं एकदा घडलं. फोन घ्यायला आलेली आई काउंटरवरच खेळून बघत होती आणि मुलगा तिला सांगत होता, ‘आई, घाई नको, आधी कव्हर घे, भिंतीआड हो.’ एरवी हे वाक्य उलट्या दिशेने जातं.

माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडलाय, बंदुकीसकट. नव्या टीव्हीवर चालेल?

यंत्र चालेल. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर असेल आणि टीव्हीला तशी भोकं असतील तर थेट, नाहीतर एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर घ्या. अ‍ॅडॅप्टर जुना असेल तर आधी कुणाकडून तरी व्होल्टेज तपासून घ्या.

बंदूक चालणार नाही. तिच्यातून काही बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत उजेड टिपणारा एक डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ एक, म्हणजे कोणतं लागलं तेही कळतं. हा सगळा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेला आहे. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि बंदूक तोवर बघून मोकळी झालेली असते. जुना डबा टीव्ही कुणी भंगारात देत असेल तर कळवा. माझ्याकडेही एक बंदूक आहे.